सूर स्वस्त झाले

तुमच्या घरात आज एखादा तरी मोबाइल फोन असेलच. कामावरून आल्यावर अब्बा त्यावर एखादी कव्वाली लावत असतील. मोठी बहीण गझल ऐकत असेल. आणि फोन तुमच्या हाती आला की तुमच्या आवडीचे चित्रपटगीत सुरू होत असेल. हे सगळे इतके सवयीचे झाले आहे की त्यात नवल वाटण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही एक छोटासा हिशोब करून पाहू.

‘ॲपल म्युझिक’ या सेवेने २०२२ मध्ये जाहीर केले, की आपल्या संग्रहात आता दहा कोटी गाणी आहेत. एक गाणे सरासरी तीन मिनिटांचे धरा. रात्रंदिवस न थांबता ही सर्व गाणी ऐकायची ठरवली, तर किती काळ लागेल? साडेपाचशे वर्षांहून अधिक! म्हणजे बाबर बादशाहाच्या जन्माआधी कोणी ऐकायला बसला असता, तर ती गाणी आता कुठे संपत आली असती.

गाण्यांचा असा महापूर आला, कारण गाणे तयार करणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे या दोन्ही गोष्टी फार स्वस्त झाल्या. मग वडीलधारी माणसे म्हणतात, “पूर्वीसारखी गाणी आता होत नाहीत. स्वस्त झाले आणि बिघडले.” तुम्ही म्हणता, “तुम्हाला जुनेच आवडते!” हा वाद घरोघरी होतो. त्यात खरे कोणाचे? आज आपण याच प्रश्नाचा थोडा विचार करणार आहोत. मात्र एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. ‘दर्जा’ या शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत. एक आवाजाचा दर्जा, म्हणजे ध्वनी किती स्वच्छ ऐकू येतो तो. दुसरा गाण्याचा दर्जा, म्हणजे ते किती मनापासून आणि किती तयारीने गायले आहे तो. वाद घालणारे या दोहोंची नेहमी गल्लत करतात.

आपल्या देशात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली ती १९०२ मध्ये. त्या वर्षी फ्रेड गायसबर्ग नावाचे तंत्रज्ञ विलायतेहून कलकत्त्याला आले. एका हॉटेलात त्यांनी आपले यंत्र मांडले. त्या यंत्रासमोर गाणाऱ्यांत प्रसिद्ध गायिका गौहरजान या होत्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून, जमेल तेवढ्या मोठ्याने गावे लागे. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांची जागा असे. ज्या रागासाठी मैफलीत तासभरही कमी पडे, तो राग तीन मिनिटांत कसा बसवायचा? गौहरजान यांनी तो बसवला. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगत, कारण तबकड्या तयार होत जर्मनीतील हॅनोव्हर शहरात. तेथील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे कसे?

पण सर्वच कलावंतांना हे यंत्र पटले नाही. एवढ्याशा वेळात गाणे म्हणजे विद्येचा अपमान, असे अनेक उस्तादांना वाटे. आपली विद्या कोणी चोरून नेईल, अशीही भीती असे. कोल्हापूरला राहिलेले उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) हे जयपूर घराण्याचे थोर गवई. त्यांची एकही तबकडी निघाली नाही. पंडित भास्करबुवा बखले यांचेही तसेच. आज त्यांची कीर्ती आपण पुस्तकांत वाचतो, त्यांचा आवाज मात्र कोठेच नाही. तेव्हा ‘यंत्राने गाणे बिघडते’ ही तक्रार काही आजची नव्हे. तिला शंभर वर्षे होऊन गेली. आणि त्या तक्रारीची किंमतही आपण मोजली आहे.

आता मुंबईला चला. १९५० नंतरचा काळ. ताडदेव, महालक्ष्मी येथील ध्वनिमुद्रणगृहांत चित्रपटांची गाणी तयार होत. एका गाण्यासाठी कधी तीस, कधी साठ, तर कधी शंभरच्या आसपास वादक जमत. व्हायोलिन वाजवणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती वादक असत. त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येई. सारंगी, सतार, तबला वाजवणारे उत्तर हिंदुस्थानातील घराण्यांत शिकलेले असत. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) या चित्रपटात सतार वाजली ती उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांची. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे नामवंत शिक्षक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ मधील ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यात शिष्याने आपल्या गुरूचे नाव गुंफले आहे. ते गाणे तुम्ही नक्की ऐकले असेल, पण ते नाव एका खऱ्या शिक्षकाचे आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

त्या काळी गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच ठिकाणी गात-वाजवत. शेवटच्या ओळीत एका बासरीवाल्याचा सूर हुकला, तरी सर्वांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे प्रत्येकावर एक गोड दडपण असे. आपल्या चुकीने साठ माणसांची मेहनत वाया जाऊ नये, म्हणून तालीम पुन्हापुन्हा होई. नीट विचार करा, ही शिस्त कोठून आली? ती कलावंतांच्या मनातून तर आलीच, पण फितीच्या आणि स्टुडिओच्या भाड्याच्या महागाईतूनही आली होती. चूक महाग होती, म्हणून तालीम भरपूर होती.

पुढे वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित करण्याची सोय झाली. गायक सकाळी, वादक संध्याकाळी येऊ लागले. त्यानंतर संगणक आणि सिंथेसायझर आले. एकाच कीबोर्डमधून पन्नास व्हायोलिनांचा आवाज निघू लागला. १९९० नंतरच्या दशकात मुंबईतील ते मोठमोठे वाद्यवृंद हळूहळू नाहीसे झाले. आयुष्यभर रियाज केलेले कितीतरी वादक घरी बसले. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या मुलांच्या हाती साज दिलाच नाही. स्वस्त गाण्याची खरी किंमत पहिल्यांदा कोणी चुकवली असेल, तर ती या लोकांनी. ‘आवाज बिघडला’ असे आपण सहज म्हणतो. पण आधी बिघडली ती काही घरांची चूल, हे सांगायला आपण विसरतो.

तरीही या गोष्टीला दुसरी बाजू आहेच. ए. आर. रहमान नावाच्या तरुण संगीतकाराने चेन्नईत आपल्या घराच्या आवारात छोटा स्टुडिओ उभारला. १९९२ मध्ये त्यांचा ‘रोजा’ हा चित्रपट आला. कीबोर्ड तोच, संगणकही तसाच. पण कान निराळा होता. लोकांनी ती गाणी डोक्यावर घेतली आणि राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अमेरिकेतील बिली आयलिश या मुलीने आपल्या भावाच्या झोपण्याच्या खोलीत गाणी मुद्रित केली आणि २०२० मध्ये संगीताचा मोठा ग्रॅमी पुरस्कार मिळवला. तेव्हा खोली लहान, म्हणून गाणे लहान, असा काही नियम नाही.

आता कॅसेटची गोष्ट ऐका. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट तयार केली. आपल्याकडे आखाती देशांत नोकरीला गेलेल्या लोकांनी टेपरेकॉर्डर आणले आणि १९८० च्या सुमारास गल्लोगल्ली कॅसेटी वाजू लागल्या. तोपर्यंत कोणाचे गाणे निघावे, हे एक-दोन मोठ्या कंपन्या ठरवत. कॅसेट काढायला मात्र फार भांडवल लागत नसे. दिल्लीच्या दर्यागंजमधील फळांच्या रसाच्या दुकानात वाढलेले गुलशनकुमार याच धंद्यातून मोठे झाले. त्यांच्या कॅसेटी पानाच्या टपरीवरही मिळत. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, भीमगीते आणि कव्वाल्या कॅसेटमुळेच खेड्यापाड्यांत पोहोचल्या. मोठ्या कंपन्यांच्या दारात ज्यांना उभे केले नसते, अशा कितीतरी गायकांचा आवाज कॅसेटने लोकांना ऐकवला.

आवाजाचे म्हणाल, तर स्वस्त कॅसेटचा आवाज वाईटच असे. थोड्या दिवसांनी फीत सैल पडे आणि गायकाला सर्दी झाल्यासारखे वाटे. फीत यंत्रात गुंडाळली गेली की आम्ही पेन्सिल घालून ती परत फिरवत असू. एकदा मी फुटपाथवरून एका नामवंत गझलगायकाची कॅसेट घेतली. चांगला फोटो होता, किंमत निम्मी होती. घरी येऊन लावली, तर आवाज भलत्याचाच! वेष्टन पुन्हा नीट पाहिले. एका कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, खऱ्या गायकाचे नाव छापलेले होते. त्या काळी कायद्यातील सवलतीचा फायदा घेऊन जुनी गाणी दुसऱ्याकडून गाऊन घेण्याची पद्धत फोफावली होती. मी चिडलो, पण एक कबूल करतो. तो अनोळखी गायक तसा वाईट गात नव्हता. त्याची गाण्याची हौस खरी होती. त्याला स्वतःच्या नावावर गाऊ द्यायला कोणी तयार नव्हते, एवढेच.

कॅसेटनंतर गाण्याचे आकडे झाले. ‘डिजिटल’ म्हणजे तरी काय? ध्वनी ही हवेतील लाट आहे. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यात या लाटेची उंची एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहून ठेवलेली असते. हे काम डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी होते. सगळा हिशोब मांडला, तर एका सेकंदाच्या गाण्यासाठी शून्य आणि एक यांचे चौदा लाखांहून अधिक ठिपके लागतात. पाच मिनिटांचे गाणे सुमारे ५३ मेगाबाइट जागा खाते. त्या काळच्या संथ टेलिफोन तारांतून एवढे ओझे पाठवायचे म्हणजे उंटाला सुईच्या नेढ्यातून न्यावे, तसेच झाले.

यावर जर्मनीतील शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. ती समजण्यासाठी रमजानच्या संध्याकाळचा बाजार डोळ्यांसमोर आणा. तुमचा मित्र कानाशी काही कुजबुजतो आहे. तेवढ्यात शेजारून ट्रक कर्कश हॉर्न वाजवत जातो. मित्राचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द ऐकू येत नाहीत. मोठा आवाज छोट्या आवाजाला झाकून टाकतो. मग जो आवाज कानाला ऐकूच येत नाही, तो जपून ठेवायचा कशाला? तो गाळून टाकावा. याच तत्त्वावर ‘एमपी-थ्री’ ही पद्धत तयार झाली. ‘डॉट एमपी-थ्री’ हे नाव जुलै १९९५ मध्ये ठरले. या पद्धतीने ५३ मेगाबाइटचे गाणे पाच मेगाबाइटपेक्षा कमी जागेत बसू लागले. एका तबकडीत सव्वाशे-दीडशे गाणी मावू लागली, आणि पुढे नखाएवढ्या मेमरी कार्डात हजारो. कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्तीवाला चार पैसे घेऊन ते कार्ड गाण्यांनी भरून देई.

गाळताना काही गेले का? गेलेच. फार बारीक गाळणी लावली, तर झांजेचा किणकिणाट पाण्यात बुडाल्यासारखा येतो. आणि सर्वांत जास्त अडचण होते ती एकदम उठणाऱ्या तीक्ष्ण आवाजांची. टाळी हा तसाच आवाज आहे. टाळी पडण्याच्या क्षणभर आधीच एक पुसट खरखर उमटते आणि टाळीची धार बोथट होते. कव्वालीचा तर जीव टाळीत! जुन्या मेमरी कार्डातील कव्वाली आणि समोर बसून ऐकलेली कव्वाली यांत जो फरक वाटतो, त्याचे एक कारण हे आहे. आता मात्र फोनची जागा वाढली, जाळे वेगवान झाले, गाळणीही सुधारली. आज चांगल्या प्रतीची फाइल घेतली आणि बरे हेडफोन लावले, तर हा दोष बहुतेकांच्या कानाला जाणवत नाही. म्हणून माझे मत असे, की आवाजाच्या दर्जाची तक्रार आता फारशी खरी राहिलेली नाही. मूळ दुखणे दुसरीकडेच आहे.

ते कोठे आहे, हे एका यंत्रणेवरून सांगतो. अँडी हिल्डेब्रँड नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ होते. जमिनीत ध्वनिलहरी सोडून खनिज तेल कोठे आहे ते शोधणे, हे त्यांचे काम. तेच गणित त्यांनी गाण्याला लावले आणि १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ तयार केले. गायकाचा सूर हुकला, की हे साधन त्याला ओढून जवळच्या नेमक्या सुरावर बसवते. किती सोय झाली! पण आपल्या संगीतात सूर म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नसतो. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड असते. दरबारी रागातील गंधार तर एका जागी स्थिर राहतच नाही. तो संथपणे झुलतो. यंत्राला हे झुलणे चूक वाटते. जोरात वापरले, तर ते मींडेच्या उताराच्या सरळ पायऱ्या करून टाकते. सूर बरोबर येतात आणि गाणे निघून जाते.

शिवाय चूक आता महाग राहिली नाही. एक ओळ शंभर वेळा गा, त्यातले तुकडे निवडून जोडा, उरलेले यंत्राकडून दुरुस्त करून घ्या. मग तालीम कोण करणार? मी गायकांना आळशी म्हणत नाही. उत्तम गायक आजही पहाटे उठून रियाज करतात. पण साठ माणसांच्या दडपणाखाली जी तयारी आपोआप होत असे, ती आज स्वतःहून, कोणी न सांगता करावी लागते. ते फार कठीण आहे. गृहपाठ तपासला जाणार नाही असे कळल्यावर आपल्यापैकी कितीजण तो करतात?

आणखी एक खोड सांगून टाकतो. डिजिटल ध्वनीला वरची एक मर्यादा असते; तिच्यापलीकडे आवाज जाऊ शकत नाही. आपले गाणे शेजारच्या गाण्यापेक्षा मोठे वाटावे, म्हणून हळू आवाजही ओढून वर नेण्याची चढाओढ बरीच वर्षे चालली. हळू आलाप आणि शिखरावरची तान यांतील अंतरच मिटले. वर्गात सगळेच ओरडू लागले, तर गुरुजींनी कोणाचे ऐकायचे? सुदैवाने आता गाणी ऐकवणाऱ्या बऱ्याच सेवा सर्व गाण्यांचा आवाज स्वतःच सारख्या पातळीवर आणतात. त्यामुळे या ओरडण्यात पूर्वीइतका फायदा उरला नाही.

पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे. ‘स्पॉटिफाय’ ही सेवा भारतात २०१९ मध्ये आली. तिच्या नियमाप्रमाणे गाणे तीस सेकंद ऐकले गेले, तरच ते ‘ऐकले’ असे मोजतात. मग रचनाकार काय करतो? सुरुवातीची सुरावट कापतो आणि पहिल्याच क्षणी मुखडा ऐकवतो, म्हणजे ऐकणाऱ्याचे बोट पुढच्या गाण्याकडे जायला नको. आता कव्वालीची बैठक आठवा. आधी पेटीवर सूर भरला जातो, मग एखादा शेर सावकाश म्हटला जातो, मग हळूच ठेका येतो. तीस सेकंदांत तर कव्वाल नीट मांडी घालून बसतसुद्धा नाही! २०२४ पासून त्याच सेवेने आणखी एक नियम केला. वर्षभरात एक हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच मोबदला मिळत नाही. पूर्वी दार बंद असे. आता दार सताड उघडे आहे, पण आत एवढी गर्दी आहे की कोणी कोणाला दिसत नाही.

आता तर संगणक दिवंगत गायकांच्या आवाजातही गाऊ लागला आहे. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटात रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले. त्यासाठी त्यांनी कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदलाही दिला. सगळेच असे विचारून करतील, याची खात्री कोण देणार?

मित्रांनो, शेवटी तुम्हाला मिरजेला घेऊन जातो. सांगली जिल्ह्यातील हे गाव सतार आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी मुसलमान कुटुंबे तेथे आजही भोपळा कोरतात, तारा चढवतात आणि कान लावून जवारी काढतात. फोनमधील तंबोरा फुकट मिळू लागल्याने त्यांच्यापुढेही अडचण उभी आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गावी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीमखाँ (१८७२-१९३७) यांची कबर आहे. दरवर्षी उरुसात गवई तेथे येऊन गातात.

खाँसाहेबांनी मात्र तबकड्या दिल्या होत्या. त्या आज फोनवर फुकट ऐकता येतात. एखाद्या संध्याकाळी घरात शांतता असताना त्यांतील एक लावा. आधी नुसती खरखर येईल, तव्यावर तेल तडतडावे तशी. आवाजाच्या दर्जाला शंभरापैकी दहा गुणही कोणी देणार नाही. पण फोन बाजूला ठेवा, बोट पुढच्या गाण्याकडे नेऊ नका, आणि तीन मिनिटे थांबा. त्या खरखरीमागून एक बारीक, धारदार सूर वर येतो. तो आल्यावर तुमच्या आजोबांकडे बघा, आणि मग घरातला तो जुना वाद पुन्हा सुरू करा.

स्वाध्याय

१. अल्लादियाखाँ यांचा आवाज आज आपल्याला का ऐकता येत नाही?
२. ‘चूक महाग होती, म्हणून तालीम भरपूर होती.’ लेखकाला यातून काय म्हणायचे आहे? तुम्हाला ते पटते का?
३. मोठा आवाज छोट्या आवाजाला झाकतो, याचे तुमच्या रोजच्या अनुभवातील एक उदाहरण लिहा.
४. पुढील वाक्प्रचार वाक्यात वापरा : डोक्यावर घेणे, वाया जाणे, गल्लत करणे.
५. पाठातील ‘साज’, ‘रियाज’, ‘तालीम’, ‘मैफल’ हे शब्द उर्दूतही आहेत. मराठीत आणि उर्दूत त्यांचे अर्थ अगदी सारखे आहेत की थोडे निराळे, ते गुरुजींना किंवा बाईंना विचारून लिहा.
६. घरातील वडील माणसाला त्यांच्या लहानपणी गाणी कशावर ऐकत, ते विचारा आणि आठ-दहा ओळी लिहा.